गाडी मीच चालवणार!

होमोकी तिहामेर या माणसाला जगात एकाच गोष्टीची भीती वाटायची, आणि ती गोष्ट अंगठ्याएवढ्या पेल्यात मावत असे.

पालिंका! हंगेरीतली फळांची कडक दारू. नुसतं नाव काढलं तरी त्याच्या नाकाच्या शेंड्याला मुंग्या यायच्या. बरं, चव आवडत नाही, पित्त होतं, डोकं धरतं, असलं काहीतरी सभ्य कारण असतं तर प्रश्नच नव्हता. पण तिहामेरला पालिंकेने शिंका यायच्या. एखाददुसरी नव्हे हो! मालगाडीच्या डब्यांसारख्या, एकीला एक जोडलेल्या, शेवटचा डबा कधी येणार याचा पत्ताच नाही अशा. स्वतःच्या लग्नात त्याने पेला नुसता ओठांना लावला होता, तर टेबलावरच्या सगळ्या मेणबत्त्या विझल्या आणि पाद्रीबुवांनी ‘देव तुझं रक्षण करो’ हे त्या दिवशी दुसऱ्यांदा म्हटलं. या वेळी मनापासून.

आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं, सांगून टाकायचं. असं म्हणणाऱ्याने आयुष्यात कधी डेब्रेत्सेनमध्ये कुणाच्या दाराची बेल वाजवलेली नाही! जिथे ‘या, बसा’च्या आधी पेला पुढे येतो, जिथे सर्दीला पालिंका, बारशाला पालिंका आणि मयतालाही पालिंका, तिथे पन्नाशी उलटलेल्या, टाय लावणाऱ्या, शहराच्या पाणीखात्यात खुर्ची असलेल्या गृहस्थाने ‘मला शिंका येतात’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं? ते त्याने फक्त बायकोला, एतेल्काला, सांगितलं होतं, आणि तेही लग्न होऊन गेल्यावर.

म्हणून तिहामेर वर्षानुवर्षं लपवत आला होता. कधी औषध चालू असे. कधी पेला खिडकीतल्या जेरेनियमच्या कुंडीत रिकामा होई. (ती जेरेनियमं फार आनंदात वाढली आणि फार लवकर गेली.) पण सगळ्या सबबींची राणी म्हणजे ‘मी गाडी चालवतोय’. हे तीन शब्द उच्चारले की हंगेरीतला कितीही आग्रही यजमान बाटली खाली ठेवतो, कारण थेंबभर पोटात असताना पोलिसाने धरलं तर परवाना गेलाच म्हणून समजा. फक्त हे तीन शब्द वापरायला गाडी लागते, आणि तिहामेर ट्रॅमने फिरायचा. मी ट्रॅम चालवतोय, असं काही सांगता येत नाही.

तर अशा माणसाच्या घरी त्याचे होणारे व्याही आले.

तिहामेरची मुलगी बोग्लार्का हिला सत्मारकडच्या सिल्वाशरेव गावातल्या बोतोंदने पसंत केलं होतं. म्हणजे तिनेच त्याला पसंत केलं होतं, पण मागणी घालायला मुलाकडचे येतात, म्हणून ते आले. बोतोंदचे वडील बर्तलान म्हणजे दारात मावणार नाहीत असा देह, मिशी तर त्याहून रुंद. बगलेत स्वतःच्या बागेतल्या आलुबुखारांची पालिंका. बोलणी झाली, बायका डोळे पुसू लागल्या, तेव्हा बर्तलाननी दोन पेले भरले आणि आपलं कोपर पुढे केलं.

"व्याहीबुवा, आता हातात हात अडकवू, पेला रिकामा करू आणि आजपासून तुम्ही-आम्ही बंद! सरळ तू आणि मी!"

असा पेला घेतल्याशिवाय दोन मोठी माणसं एकमेकांना तू म्हणत नाहीत, आणि तो नाकारणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. तिहामेर स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच सोफ्यावर बसलेला. गाडी चालवतोय म्हणायची सोय नाही. कुंडीपर्यंत हात पोचेना. मग घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते त्याला सुचलं. त्याने एक थेंब तळहातावर घेऊन चोळला. हात नाकापासून लांब धरून तोंडाने श्वास घेतला. पेला दिव्यापुढे धरला. डोळे मिटले (शिंक दाबायला, दुसरं काही नाही). बराच वेळ "हं…" असं म्हटलं. आणि पेला होता तसा टेबलावर ठेवून म्हणाला, "अशा गोष्टीला घाई करू नये."

बर्तलानचं कोपर हवेत तसंच राहिलं. नंतर त्यांनी ते हळूच घरी नेलं.

पुढच्या आठवड्यात बोग्लार्का फोन ठेवून थेट वडिलांसमोर उभी राहिली. गाल लाल, आवाज चढलेला.

"बाबा, तू काय करून ठेवलंयस! अख्ख्या सिल्वाशरेवमध्ये बोभाटा झालाय की मुलीचा बाप म्हणजे पालिंकेतला फार मोठा जाणकार आहे, नुसत्या वासावरून झाड सांगतो!"

"असं म्हणतात?" तिहामेरची मान नकळत ताठ झाली.

"आणि बोतोंदचे बाबा म्हणतात की एवढ्या जाणकाराने आमची पालिंका घेतली नाही, म्हणजे एकतर ती वाईट आहे, नाहीतर आम्ही! शनिवारी त्यांचा माल रोझालियाबाईंच्या भट्टीवर लागतोय. तुला बोलावलंय. नळीतून पडणारी चाखायची, लग्नासाठी कुठली ठेवायची ते ठरवायचं आणि तिथेच गावासमोर त्यांच्याशी तू म्हणायचा पेला घ्यायचा. नाही घेतलास तर…"

"तर?"

"तर शहरातल्या साहेबांना आमच्याशी तू म्हणणं कमीपणाचं वाटतं असं समजेन, म्हणाले. मग पोरांनी कचेरीत जाऊन सह्या कराव्यात, मी अंगणात मांडव घालणार नाही आणि पाऊलही टाकणार नाही." बोग्लार्काचा आवाज इथे फुटला. "बोतोंद दोन दिवस जेवला नाहीये, बाबा. मी सांगून टाकू का त्यांना खरं काय ते?"

"खबरदार!" तिहामेर कडाडला. "माझ्या नाकाची बदनामी गावच्या भट्टीवर नको!"

पण रात्रभर त्याला ते हवेतलं कोपर दिसत राहिलं.

घरात दुःख असलं की वरच्या मजल्यावरच्या पिरोश्का मावशींना जिन्यातूनच कळतं. त्या सकाळी डबा घेऊन हजर झाल्या. "अरे बाळा, निघायच्या आधी हंसाची चरबी खायची, चमचाभर. घशाला अस्तर बसतं. मग खुशाल पेट्रोल पी!" तिहामेरने चरबी खाल्ली. अस्तर बसलं का ते कळलं नाही, पण तो स्वतः दुपारपर्यंत बसून होता, न्हाणीघरात.

मग तळमजल्यावरचे देझ्यो काका आले. त्यांच्या मते सगळा प्रश्न सवयीचा होता. "घोडा एका दिवसात गाडीला जुंपतात का? रोज साखरेच्या वडीवर एक थेंब. शनिवारपर्यंत तू बाटली मागशील." पहिल्या वडीला तिहामेर असा शिंकला की साखरदाणीतली सगळी साखर देझ्यो काकांच्या स्वेटरवर गेली. काका स्वेटर झटकत म्हणाले, "वा! सुरुवात जोरदार आहे."

शेवटी तोडगा एतेल्काने काढला, आणि तोही बटाटे सोलता सोलता. "तू गाडी चालव ना. गाडी चालवणाऱ्याला सत्मारमध्येसुद्धा कुणी आग्रह करत नाही. मान राखून नाही म्हणता येईल. पेला नंतर कधीतरी, असं सांग. नातवंडं झाली की विसरतील."

तिहामेरने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. एवढं सोपं! फक्त गाडी आणि परवाना!

परवाना कपाटात, मोज्यांच्या खणात सापडला. त्याच्यावरचा तिहामेर काळ्याभोर केसांचा होता आणि परवान्याची मुदत त्या केसांबरोबरच कधीतरी संपली होती.

नवा करायचा तर आधी डॉक्टर. डॉक्टरीणबाईंनी कागदावर नजर ठेवूनच विचारलं, "मद्यपान?"

"नाही."

"म्हणजे कमी."

"म्हणजे नाही."

बाईंनी मान वर केली. "कधी सोडलीत?"

"धरलीच नव्हती."

"यकृताचा त्रास? मोठं ऑपरेशन? कुणी शपथ घातली?" बाईंना खरंच काळजी वाटू लागली होती. त्यांनी त्याचं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, आणि काहीच सापडेना म्हणून नाइलाजाने डोळे तपासायला घेतले. भिंतीवरच्या पाटीची शेवटची ओळ तिहामेरला मुंग्यांची रांग वाटली. झालं! चष्म्याशिवाय सही नाही. चष्म्याच्या दुकानात पिरोश्का मावशी आपणहून बरोबर आल्या, आणि त्यांनी अशी काही चौकट पसंत केली की तिहामेर आरशात स्वतःला घुबड समजून दचकला. "भारदस्त दिसतोस," मावशी म्हणाल्या. सगळ्या घुबडांना त्यांच्या मावश्या हेच सांगत असणार.

मग सरकारी खिडकी. तिथे बसलेली मुलगी अतिशय शिस्तीची. तिने कागद तपासले, तिहामेरला कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि बटण दाबायच्या आधी हातांना जंतुनाशक चोळलं. त्या बाटलीत काय असतं? पालिंकेची चुलत बहीण! वास दरवळला, तिहामेरचं नाक वळलं, डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि नेमका त्याच क्षणी फोटो निघाला.

"परत काढू का?" मुलीने दयेने विचारलं.

"काढा."

तिने शिस्तीप्रमाणे पुन्हा हातांना जंतुनाशक चोळलं. दुसरा फोटो पाहिल्यावर तिहामेरने पहिलाच घेतला.

आता राहिली गाडी. ती देझ्यो काकांकडे होती. ही गाडी एतेल्काच्या लग्नाच्याही आधीची, रंग कधीकाळी नारिंगी, नाव मांत्सी. काका एका पायावर द्यायला तयार झाले, फक्त मांत्सी अनोळखी माणसाचं ऐकत नाही म्हणून ते स्वतः शेजारी बसणार होते. तिचा तिसरा गिअर धरून ठेवावा लागतो, नाहीतर निसटतो. "आणि भट्टीवर माझा काही उपद्रव नाही," काका निरागसपणे म्हणाले. "मी कोपऱ्यात बसून चाखेन."

शनिवारी मांत्सी निघाली. स्टिअरिंगमागे घुबड, शेजारी गिअरला लोंबकळलेले काका, मागे एतेल्का आणि बोग्लार्का, दोघींच्या मांडीवर खसखशीच्या रोलचं ताट. तिहामेरने इतक्या वर्षांनी गाडी हाती घेतली होती, त्यामुळे मागून येणाऱ्यांना त्याच्याविषयी बरंच काही बोलायचं होतं आणि ते खिडक्या खाली करून बोलतही होते. एका ट्रॅक्टरनेही मागे टाकलं. ट्रॅक्टरवाल्याने टोपी काढून सलाम केला, तो तिहामेरला सगळ्यात जास्त झोंबला.

सत्मारच्या वेशीजवळ पोलिसाने थांबवलं. त्याने परवाना पाहिला, तिहामेरला पाहिलं, पुन्हा परवाना पाहिला.

"हे तुम्हीच?"

"शिंकेच्या वेळचा."

"कुठे निघालात?"

"सिल्वाशरेवला. भट्टीवर. पालिंका चाखायला."

"आणि गाडी कोण चालवणार?"

"मीच! मी घेणार नाही."

पोलिसाने खिडकीशी वाकून गाडीतला वास घेतला. "मी इथलाच आहे, साहेब," तो म्हणाला. "मला खरं सांगितलं तरी चालेल." मग त्याने तिहामेरला नळीत फुंकायला लावलं, आकडा शून्य पाहिला, नळी हलवून पाहिली, पुन्हा फुंकायला लावलं, आणि परवाना परत करताना अशा आवाजात "सांभाळून जा" म्हणाला, जसं आजारी माणसाला निरोप देताना म्हणतात.

रोझालियाबाईंची भट्टी गावाच्या टोकाला होती. अंगणात आंबवलेल्या फळांची पिंपं लादलेल्या गाड्यांची रांग, बाजूला शेकोटीवर काठीला लावलेली डुकराची चरबी चर्र करतेय, कांद्याच्या चकत्या, पाव, हास्यविनोद. आत तांब्याची दोन मोठाली पोटं आणि त्यांच्यामध्ये, रबरी बूट घालून, हात कमरेवर ठेवून रोझालियाबाई. या बाईंनी हात वर केला की गावचा महापौरही बोलायचं थांबतो म्हणे.

आणि वास! तो वास भिंतीत होता, छपरात होता, दाराच्या कडीला होता. तिहामेरने उंबऱ्यावरच नाक चिमटीत धरलं आणि चष्मा सरळ करतोय असं भासवलं.

"आले! जाणकार आले!" कुणीतरी ओरडलं. गर्दीने वाट करून दिली. पलीकडच्या टोकाला बर्तलान उभे होते, रविवारी चर्चला घालायचा ठेवणीतला कोट घालून. ते हसले नाहीत. हात पुढे केला, पण कोपर अंगाशी घट्ट धरलेलं.

"आलात, बरं झालं," ते म्हणाले.

तिहामेरने छाती भरून घेतली (तोंडाने), खिशातून नवाकोरा परवाना काढला आणि तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरून जाहीर केलं, "मंडळी, फार इच्छा होती! पण काय करणार, गाडी मीच चालवणार!"

भट्टीवर हळहळ पसरली. टोप्या हलल्या. "मग काय, इलाज नाही," एक म्हातारा म्हणाला. सबब पास झाली होती! तिहामेरला वाटलं, आपल्या पाठीला पंख फुटताहेत. फक्त बर्तलानच्या मिशीची दोन्ही टोकं हळूहळू खाली आली. त्यांनी एतेल्काकडे पाहिलं, बोग्लार्काकडे पाहिलं, आणि हातातले दोन छोटे पेले खिशात परत ठेवायला लागले.

तेवढ्यात बोतोंद पुढे झाला. वाळलेला, डोळे खोल गेलेले, पण चेहऱ्यावर सैनिकाचा भाव.

"काका, तुम्ही काळजी करू नका! मी कालपासून थेंब घेतलेला नाही. मुद्दामच! संध्याकाळी मी तुम्हा सगळ्यांना डेब्रेत्सेनला सोडतो. तुम्ही अगदी मनसोक्त घ्या!"

"शाब्बास रे पोरा!" गर्दी गरजली. बर्तलानची मिशी वर गेली. पेले पुन्हा बाहेर आले. बोग्लार्काने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि देझ्यो काका, जे कोपऱ्यात बसून चाखणार होते आणि चाखत होतेच, तिथून ओरडले, "आणि मांत्सी मी सांभाळीन!"

तिहामेर परवाना उंच धरून तसाच उभा राहिला. डॉक्टर, चष्मा, खिडकी, ट्रॅक्टर, पोलीस, सगळं या एका गुणी पोराने एका वाक्यात पाण्यात घालवलं होतं. असा जावई!

रोझालियाबाईंनी हात वर केला. शांतता. पहिली धार त्यांनी आधीच बाजूला काढली होती, ती म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना चोळायला. आता नळीतून जी बारीक, काचेसारखी धार पडत होती ती खरी. बाईंनी पेला भरला आणि तिहामेरच्या हातात दिला. "पाहुण्याने आधी."

पेल्यातून ऊब येत होती. सगळे त्याच्या नाकाकडे बघत होते. त्याने थेंब तळहातावर चोळला. "बघा, बघा, कसा चोळतो," कुणीतरी कुजबुजलं. त्याने पेला उजेडाकडे धरला. "रंग बघतोय." रंग नव्हताच. त्याने तोंडाने श्वास घेतला, आणि एवढ्यात बर्तलान त्याच्या समोर येऊन उभे राहिले, हातात आपला पेला, कोपर अजून अंगाशीच.

"साहेब," ते जड आवाजात म्हणाले, "मला गोड बोलून फसवू नका. ही माझ्या बापाने लावलेल्या झाडांची आहे. खरं सांगा, चांगली आहे ना?"

"हा… हा…" तिहामेर म्हणाला.

"हा म्हणजे?"

"हाऽऽक्छीऽ!"

ही शिंक साधीसुधी नव्हती. ती लग्नापासून दाबलेली शिंक होती. पेल्यातली पालिंका पेल्यात राहिली नाही, ती सगळीच्या सगळी बर्तलानच्या रविवारच्या कोटावर आणि मिशीवर गेली. मिशीतून थेंब टपकू लागले. एतेल्काने डोळे मिटले. तिहामेरच्या मनात आलं, झालं, संपलं. पोरीचा मांडव माझ्या नाकातून उडून गेला.

आणि रोझालियाबाई कडाडल्या, "शिंकला! बोलता बोलता शिंकला! म्हणजे खरं!"

"खरं! खरं!" सगळी भट्टी दणाणली. आता, कुणी काही बोलल्यावर लगेच शिंक आली की ते बोलणं खरं ठरतं, हे डेब्रेत्सेनमध्येही आज्या सांगतात, पण पाणीखात्यात ते कुणी मानत नाही. सत्मारमध्ये मात्र त्यावर अपील नसतं. बर्तलानच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. त्यांनी ओल्या मिशीवरून हात फिरवला, मान डोलावली आणि पेला पुन्हा भरायची खूण केली. "आता पिऊ या. आता तू म्हणू या!" आणि तेच कोपर पुढे आलं.

तिहामेरला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं! पण नाकाने वाट मोकळी करून दिली होती आणि मागचे डबे येऊ लागले होते. तो नुसता हात हलवत राहिला. नको, नको.

बर्तलानचा चेहरा उतरला. "अजूनही नको?"

"थांबा!" रोझालियाबाई मध्ये आल्या. बाई हुशार. त्यांनी तिहामेरचे लाल डोळे, नाकाचा टोमॅटो, थरथरणारी चिमटी, सगळं एकदा नीट पाहिलं. "बर्तलान, याला तोंडाने बोलता येत नाहीये. नाकाला विचार."

बर्तलाननी घसा साफ केला. "आमची पालिंका तुम्हाला हलकी वाटते?"

सगळ्यांनी श्वास रोखले. तिहामेरचं नाक वर गेलं, वळवळलं… आणि खाली आलं. काही नाही.

"नाही वाटत!" गर्दीने सुस्कारा टाकला.

"आम्ही खेड्यातले, म्हणून आमच्याशी तू म्हणायचं नाही?"

नाक स्तब्ध. शेकोटीवर चरबी चर्र झाली तेवढंच.

"हे मोठे जाणकार आहेत!" मागून देझ्यो काकांनी कुणीही न विचारता घोषणा केली. "डेब्रेत्सेनमधले सगळ्यात मोठे!"

सगळे वाट बघत राहिले. नाक ढिम्म. एतेल्काला खोकल्याची उबळ आली, म्हणजे निदान तिने तरी तिला खोकला म्हटलं.

बर्तलान आणखी जवळ आले. आवाज एकदम खाली आला, फक्त दोघांत बोलावं तसा. "मग काय… तुम्हाला पिताच येत नाही की काय?"

"हाऽऽक्छी! हाक्छी! हाऽऽक्छीऽऽ!"

भट्टीचं छप्पर हादरलं. अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. तिहामेरने रुमालातून डोकं वर काढलं तेव्हा बर्तलान त्याच्याकडे एकटक बघत होते. मग ती प्रचंड छाती हलली, मिशी हलली, आणि ते असे हसले की रोझालियाबाईंना नळी हातात धरावी लागली.

"अरे बावळटा! मग हे आधी नाही का सांगायचंस! मी पंधरा दिवस झोपलो नाही तुझ्यापायी! बायकोला म्हटलं, झाडं तोडून टाकतो!"

कुणाच्या तरी लक्षात आलं आणि कुजबूज उठली. तुझ्यापायी! बावळटा! पेला झालाच नव्हता, आणि बर्तलान तू म्हणाले होते. त्यांच्याही ते लक्षात आलं आणि ते जागच्या जागी थबकले. रीत म्हणजे रीत, कोरड्या घशाने तू म्हणता येत नाही. तेव्हा बर्तलानची बायको इल्का पुढे झाली. तिने डब्याच्या पिशवीतून पाकातल्या आलुबुखारांची बरणी काढली, वरचा जांभळा, गोड रस तिहामेरच्या पेल्यात ओतला आणि नवऱ्याला म्हणाली, "झाडं तीच आहेत ना?"

रोझालियाबाईंनी विचार केला आणि मान डोलावली. झाडं तीच होती.

कोपरं अडकली. एकाने पालिंका घेतली, दुसऱ्याने पाक, आणि दोन्ही पेले एकदमच रिकामे झाले. बर्तलाननी तिहामेरच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, त्यामुळे तो आणखी तीनचारदा शिंकला, पण आता कुणी मनावर घेतलं नाही. बोग्लार्का रडत होती, हसत होती आणि खसखशीचा रोल खात होती, सगळं एकाच तोंडाने. बोतोंद तर शेकोटीपाशी बसून असा जेवला की सगळ्या उपाशी दिवसांचा हिशेब चुकता झाला. मग मित्रांनी त्याच्या हातात पेला कोंबला. उपास सुटला होता, तो नाही म्हणाला नाही.

आणि तिहामेर अंगणातल्या बाकावर जाऊन बसला. टायची गाठ सैल केली. कोंबड्या परत आल्या होत्या. कुणीही, अगदी कुणीही, त्याच्यापुढे पेला धरत नव्हतं. असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, आणि त्याला वाटलं, अरे, हवा म्हणतात ती हीच!

ऊन कलायला लागलं तशी मंडळी उठू लागली आणि मग एक एक करून ती थांबली. प्रत्येक घरात ठरलं होतं की आज दुसऱ्याने घ्यायची नाही, आणि प्रत्येक दुसऱ्याला वाटलं होतं की आज पहिल्याने. अख्ख्या सिल्वाशरेवमध्ये गाडीला हात लावू शकेल असा एकच माणूस उरला होता. सगळ्यांच्या माना हळूहळू बाकाकडे वळल्या.

"आमच्या व्याह्याला परवाना आहे!" बर्तलान अभिमानाने गरजले. "नवाकोरा! प्रत्येकाकडे पिणारा व्याही असतो. घरी सोडणारा व्याही फक्त माझ्याकडे आहे!"

मांत्सीने त्या संध्याकाळी गावाच्या किती फेऱ्या केल्या ते कुणी मोजलं नाही. दर फेरीला मागच्या सीटवर नवी माणसं, नवी गाणी. देझ्यो काका भट्टीवरच झोपले होते, म्हणून तिसरा गिअर बर्तलान स्वतः धरून बसले होते, दोन्ही हातांनी, मोठ्या जबाबदारीने. खिडकी उघडी होती, थंड वारा येत होता आणि तिहामेरचं नाक इतकं मोकळं होतं की त्याला नांगरलेल्या जमिनीचा वास आला, धुराचा आला, दूर कुठेतरी भाजत असलेल्या भोपळ्याचा आला.

"अरे तिहामेर, पुढे खड्डा आहे, खड्डा बघ!" बर्तलान ओरडले.

"बघतोय रे, बर्तलान, बघतोय!"

हा ‘रे’ त्याच्या तोंडून असा सहज, असा मोकळा गेला की तो स्वतःच खूश होऊन वळून हसला, आणि मांत्सी शांतपणे खड्ड्यात गेली.